विठ्ठलरावांचं उघडं राहिलेलं तोंड

१

बावन्न मिनिटं सात सेकंदांनी विठ्ठलरावांनी बोलायला तोंड उघडलं, आणि ते तसंच उघडं राहिलं.

पडद्यावर फेटा होता, मिशा होत्या, मागे मांडवाची झालर होती. मग मिशांचे चौकोन झाले, फेट्याचे चौकोन झाले आणि सगळे विठ्ठलराव गवंड्यानं अर्धी टाकलेल्या फरशीसारखे दिसू लागले. प्लेयरच्या पोटातून टिक-टिक-खर्र असा आवाज आला. बंद दारावर कुणी नख ओढावं तसा.

"परत लावा," कल्पना म्हणाली.

"वहिनी, नऊ वेळा लावली."

"मग धाव्यांदा लावा."

नसीरनं लावली. विठ्ठलरावांनी दहाव्यांदा आ वासला.

सन दोन हजार एकमध्ये मुळशीत दोनच पिकं जोरात होती, भात आणि सीडी. व्हिडिओ कॅसेट मोडीत निघाली होती आणि ज्याच्या घरी गाय नव्हती त्याच्याही घरी सीडीचा प्लेयर आला होता. पौडच्या बाजारात नसीरचं लग्नाच्या शूटिंगचं दुकान होतं. दुकान कसलं, अर्ध्यात त्याचा टीव्ही आणि कॉम्प्युटर, उरलेल्या अर्ध्यात त्याची अम्मी नूरजहाँ आणि तिचं शिलाईचं मशीन. दारावर पाटी होती: 'लग्न आता कायमचं – सीडीवर'. नसीर स्वतः मात्र क्षणभर एका जागी ठरायचा नाही. त्याचा फोटो काढला तर फोटोत तीन नसीर यायचे, असं बाजारात बोललं जाई. म्हणूनच तो कॅमेऱ्याच्या मागे उभा राहायला शिकला असावा.

आज त्याचा पाय आणखीच हलत होता. कारण गोठलेल्या त्या तोंडात कल्पनाचं भाताचं खाचर अडकलं होतं.

कल्पना रिहे गावची. नवरा चार वर्षांपूर्वी गेला. सासरे विठ्ठलराव यंदा भाद्रपदात गेले. थोरला दीर नरहरी झऱ्याचं खाचर पुण्याच्या एका फार्महाऊसवाल्याला द्यायला निघाला होता आणि कल्पना म्हणत होती, ते खाचर मामंजींनी मला दिलंय. कधी दिलं? तर मे महिन्यात नरहरीच्याच लेकीच्या, उत्कर्षाच्या लग्नात. नसीरची पद्धत अशी, की जेवणावळी चालू असताना घरातल्या म्हाताऱ्यांना एकेक करून कॅमेऱ्यासमोर बसवायचं आणि म्हणायचं, "दोन शब्द आशीर्वाद द्या." मांडवात बँड, पंगतीत गोंधळ. विठ्ठलराव काय बोलले ते ऐकलं फक्त नसीरनं, आणि नंतर सीडी लावून कल्पनानं.

"दिवाळीच्या पाडव्याला भावजी देवळापुढं सगळ्यांदेखत बोलले," कल्पनानं सांगितलं, "बापाच्या तोंडून ऐकव, तितंच सही करतो. उद्या तीनला बैठक हाय. आन आज सकाळी लावून बघते, तर हे."

"मूळ टेप असंल की," तिनंच आशेनं पुढं विचारलं.

नसीरनं मान खाली घातली. लग्नसराईत टेप कमी पडतात. उत्कर्षाच्या लग्नावर त्याच आठवड्यात भूगावचं एक लग्न चढलं होतं, आणि कॉम्प्युटरवरचं जागेअभावी केव्हाच पुसलं गेलं होतं.

मशीनचं पायडल थांबलं. नूरजहाँनं तोंडातला दोरा काढला.

"आण ती सीडी हिकडं. बघू तरी, कुणी मारलीय ती."

२

नूरजहाँला रिमोट कुठल्या बाजूनं धरायचा ते माहीत नव्हतं. पण साठ गावच्या बायकांची मापं तिच्या डोक्यात होती, आणि कुणाचं ब्लाऊज यंदा का सैल झालं हे त्या बाईच्या सासूआधी तिला कळायचं.

तिनं सीडी कडेला धरून उजेडात फिरवली. चकचकीत बाजूवर मधल्या भोकापासून कडेपर्यंत एक सरळ खोल रेघ होती.

"किल्ली," ती म्हणाली. "दोन दाती दिसत्यात रेघेला. कुणीतरी ओढलीय."

कल्पनाचा चेहरा पडला. "मी न्हाई कदी त्या बाजूला बोट लावलं! नसीरभाऊंनी सांगितलं व्हतं, चकाकतं तितं हात न्हाई लावायचा."

"कोण आलं होतं घरी?"

"पाडव्याला सकाळी भावजी आले व्हते. मी च्या टाकाया आत गेले व्हते." ती थांबली. "आन त्येच दिवशी दुपारी त्यांनी देवळापुढं शब्द दिला."

"तीन महिने न्हाई न्हाई म्हणणारा माणूस," नूरजहाँ म्हणाली, "एका चहात दानशूर झाला. लईच चांगला चहा करतेस बाई तू."

नसीरच्या अंगात वारं शिरलं. चोर सापडला! रेघ काढायचं औषध त्याच्याकडे होतं. पांढरी टूथपेस्ट आणि मऊ फडकं, मधून कडेकडे घासायचं. अर्धा तास तो घासत होता. रेघ पार गेली नाही, पण बुजली. "सरळ आडवी रेघ प्लेयर उडी मारून पार करतो," तो घाईनं सांगत होता, "गोल रेघ असती तर मेलो असतो." त्यानं सीडी लावली.

बावन्न मिनिटं सात सेकंद. टिक-टिक-खर्र.

रेघ बुजली होती आणि खून जिथल्या तिथं होता.

नूरजहाँनं सीडी काढली आणि या वेळी उलटी केली. पाठीवर नसीरच्या अक्षरात 'भाग २' होतं. मग तिनं ती दारातल्या उन्हासमोर धरली. कडेपासून बोटभर आत तांदळाएवढा उजेड आरपार आला. तिथली चांदीच गेली होती.

"अम्मी," नसीर हळूच म्हणाला, "सगळ्यांना वाटतं चित्र चकचकीत बाजूला असतं. नसतं. ते पाठीच्या या पापुद्र्याला चिकटलेलं असतं. समोरचं प्लॅस्टिक कितीही खरडा, पुसता येतं. पाठ सोलली की संपलं."

"म्हंजे कापडासारखं. सुलट बाजू ती उलट, आन उलट ती सुलट." नूरजहाँनं त्या उजेडाच्या दाण्याकडे पाहिलं. "आन हाच दाणा विठ्ठलरावांचा?"

"हो. चित्र मधून बाहेर जातं. बावन्नावं मिनिट बरोबर इथं येतं."

"मग ज्यानं हे केलं, त्याला म्हातारा हितं बसलाय हे ठाऊक होतं. नरहरीला ठाऊक असतं तर त्यानं आख्खी सीडी नांगरली नसती. कुणाकुणाला ठाऊक हाय असलं?"

नसीरचा हलता पाय थांबला. बाजारानं तो थांबलेला पहिल्यांदाच पाहिला.

"पौडात?" तो म्हणाला. "मला एकट्याला."

कल्पना उठली. तिनं पदर खोचला, एकदा नसीरकडे, एकदा पाटीकडे पाहिलं आणि एसटी स्टँडची वाट धरली.

३

"ती मला चोर समजून गेली," मोपेड चांद्याच्या चढाला लागली तरी नसीर तेच बोलत होता. मागे नूरजहाँ एका अंगानं बसली होती.

"समजू दे. समोर बघून चालव. दुसरी सीडी नवरदेवाकडं हाय न्हवं?"

नवरदेव सौरभ लातूरकडचा. हिंजवडीच्या एका कंपनीत नोकरी, चांद्याला भाड्याचं घर. कॉम्प्युटरवाला, म्हणजे बावन्नावं मिनिट कुठं बसतं हे जाणणारा दुसरा माणूस! नसीर दार वाजवायच्या आधीच आत शिरला.

"सीडी कुठाय?"

सौरभनं खजील होऊन कपाटातून काहीतरी काढलं. तळलेला पापड वाटला असता. "गाडीच्या काचेखाली राहिली, नसीरभाई. मेमधलं ऊन. उत्कर्षा आठ दिवस बोलत नव्हती माझ्याशी."

आतून उत्कर्षा ओरडली, "दहा!"

पापड पाहून नसीर मटकन बसला आणि लगेच उठला. "संपलं. तिसरी तुमच्या सासऱ्यांकडे होती, पण ती पहिल्या दिवसापासूनच मेलेली. दोनदा बदलून दिली. महागातल्या सोनेरी सीडीवर काढून दिली. तरी त्यांच्या मशीनवर 'नो डिस्क'. डबा माल विकतो म्हणून चारचौघांत मला डबेवाला म्हणाले."

"कुठल्या मशीनवर?" सौरभनं विचारलं.

"तो दुबईचा. डीव्हीडी प्लेयर."

सौरभ हसायलाच लागला. "अहो, सुरुवातीच्या त्या डीव्हीडी प्लेयरना एकच डोळा असायचा, लाल. दुकानात छापून येणारी सीडी त्या डोळ्याला दिसते. पण तुम्ही कॉम्प्युटरवर भाजता, म्हणजे बर्न करता ना, तिच्यातला रंग त्या लाल उजेडाला परत फिरू देत नाही. त्याच्या लेखी तिथं सीडी नसतेच. नवीन मशीनना दोन डोळे देतात. तुमचा साधा चायनाचा प्लेयर ती झकास वाजवेल."

"म्हणजे सीडी चांगली होती?"

"सीडी चांगली. मशीन आंधळं."

मायलेकांनी एकमेकांकडे पाहिलं. सहा महिने नसीर ज्या अपमानावर झोपत आला होता, तो एका मिनिटात उडाला. पण नूरजहाँचं लक्ष अपमानाकडे नव्हतंच.

"म्हंजे विठ्ठलराव कुठंतरी जित्ते हायेत," ती म्हणाली. "नरहरीनं ती सीडी फेकली कुठं?"

४

दुसऱ्या दिवशी बाराच्या सुमाराला दोघं रिह्यात पोचली तेव्हा नरहरी पडवीत दाढी करत होता. अंगानं पहिलवान, तोंडाला फेस.

"या डबेवाले! आज तरी चालतंय का तुमचं यंत्र?"

"नरहरीदादा," नूरजहाँ पायरीवर टेकली, "तुजी ती न चालणारी सीडी परत दे की. भंगारात घालू."

"कुटली? ती?" नरहरीनं वस्तरा हवेत फिरवला. "टाकली कवाच. घरात कशाला ठिवू मेलेलं जनावर? माजं मशीन दुबईचं हाय चाची, ते असला माल वळखतंय."

"कुठं टाकली?"

"ध्यानात ऱ्हातंय व्हय असलं? तुमी काय सीडीचं तेरावं घालताय का?"

फेसातून तो हसला. नसीरनं त्याच्या कमरेला लटकणाऱ्या जुडग्याकडे पाहिलं. मोटारसायकलची किल्ली, दोन्ही बाजूंनी दाती. तो पुढे सरकणार तोच नूरजहाँनं त्याची बाही ओढली.

कल्पनाचं घर वाडीच्या टोकाला. तिनं या म्हटलं नाही, पण चटई टाकली. नूरजहाँनं भिंतीवरून नजर फिरवली. देवाची तसबीर, नवऱ्याचा फोटो, कॅलेंडर.

"मामंजींचा फोटो न्हाई?"

"फोटोला कवा बसलेच न्हाईत. म्हणायचे, आयुष्य कमी हुतं. त्या लग्नातच काय ते बसले." कल्पना नसीरकडे न बघता म्हणाली. "ती सीडीच व्हती आमाला फोटोच्या जागी."

कोनाड्यात विझलेली पणती होती आणि शेजारी सीडीची रिकामी डबी. नूरजहाँनं डबी उघडली, नाकाशी नेली, मिटली.

"दिवाळी न्हाई केली असशील औंदा."

"दुखवट्यात कसली दिवाळी? लक्ष्मीपूजनाला त्यांच्यापुढं दिवा लावला तेवढाच."

नूरजहाँ उठली. "चहा नको बाई. तीन वाजता येतो."

५

बांधावर आल्यावर नसीरचा धीर सुटला. "अम्मी, तू काही विचारलंच नाहीस! तीन वाजायला दोन तास उरलेत, आणि तू डब्या हुंगत बसलीस!"

"त्या डबीत काय होतं सांगू? अष्टगंध. आन वाळलेला एक अक्षताचा दाणा." नूरजहाँ चालता चालता बोलत होती. "ज्या घरात फोटो न्हाई, त्या घरात गेलेल्या माणसाच्या कपाळाला गंध कुठं लावायचं रं?"

नसीर थबकला.

"चकाकत्या बाजूला हात लावायचा न्हाई, हे तूच बजावलंस. म्हणून तिनं पाठीला लावलं. पण आख्ख्या पाठीवर नेमकं तितंच कसं लावलं? आठव. तिला कुणी कवा दाखवलं होतं, म्हातारा कुठं बसलाय?"

नसीरला आठवलं. सीडी दिली त्या दिवशी कल्पनानं भाबडेपणानं विचारलं होतं, यात मामंजी कुटं हायेत? आणि त्यानं मोठ्या ऐटीत बोट टेकवून दाखवलं होतं. हे इथं. कडेपासून बोटभर आत.

"गंध वाळलं, अक्षत चिकटली," नूरजहाँ म्हणाली, "आन सीडी लावायची म्हणून तिनं नखानं खरवडून काढली. त्याबरोबर चांदी गेली. एका सीडीवर दोन हात पडले, नसीर. एक रागाचा, एक मायेचा. रागाचा तू पेस्टनं पुसलास. मायेचा पुसता येत न्हाई."

"म्हणजे तिनंच..."

"गप. हे तिला सांगायचं न्हाई. गावाला तर मुळीच न्हाई."

नसीरला रडावं की धावावं कळेना. चूक तिची, शिकवण त्याची, आणि खाचर जाणार नरहरीकडे. त्यानं मान वर केली आणि डोळे दिपले. समोर, झऱ्याच्या पाण्यावर पिकलेल्या पिवळ्या भातावर, काहीतरी लखलखत गरगरत होतं. चिमण्यांचा थवा उतरला, लखाकी पाहून उधळला, पुन्हा उतरला, पुन्हा उधळला.

त्याचे पाय आपोआप पळायला लागले.

बांबूच्या टोकाला सुतळीनं दोन सीडी बांधल्या होत्या, पाठीला पाठ लावून, म्हणजे दोन्ही अंगांनी चमकाव्यात. शेजारच्या बांधावर गावचे जुने पंच भिवाजी विळ्याला धार लावत बसले होते.

"भिवाजीकाका," नूरजहाँनं धापा टाकत विचारलं, "ही पाखरं हाकणारी कुणी बांधली?"

"नरहरीनं की. दसऱ्याच्या दिशी. खाचर कुणाचं ते ठरंस्तवर राखण माजीच, म्हणला." भिवाजी हसले. "का गं? चिमण्यांनी तक्रार केली का?"

"तुमच्या हातानं सोडा. आन तीन वाजेस्तवर तुमच्याच हातात ठेवा."

६

बैठक नरहरीच्या पडवीत भरली, कारण मोठा टीव्ही त्याच्याकडे होता. सगळी वाडी आली. कल्पना खांबाला टेकून उभी होती. नरहरी खुर्चीत ऐसपैस.

"लावा! आपला शब्द म्हंजे शब्द."

नूरजहाँनं कल्पनाची सीडी वर धरली. "ही बघ नरहरीदादा. हिच्यावर कुणीतरी किल्ली ओढली होती. पण आमच्या नसीरनं बघितलं, म्हणला, पोरखेळ हाय. जरासं खरचटलंय, बोटभर. असल्यानं सीडीला काय होत न्हाई."

"बोटभर?" नरहरी खुर्चीत उसळला. "पार भोकापासनं कडंपातुर..."

नरहरीचं तोंड उघडंच राहिलं. हुबेहूब बापासारखं.

"तुमी कवा बघितली, भावजी?" कल्पनानं विचारलं. तिचा आवाज इतका हळू होता की मागच्यांनी माना पुढे केल्या.

"म्या... मला वाटलं..." मग तो चवताळला. "बरं, ओढली! पण चालतीया का? चालत न्हाई न्हवं? शब्द बापाच्या तोंडून ऐकायचा ठरलाय!"

"तेच करतो," नूरजहाँ म्हणाली. "काका, काढा."

भिवाजींनी बंडीच्या खिशातून सुतळीसकट दोन सोनेरी सीडी काढल्या. "वळख पटती का रं नरहरी? तुज्याच काठीवरनं सोडल्यात, माज्या हातानं."

नरहरीनं निरखून पाहिलं आणि खो खो हसला. "ही? ही तर मेलेली! लावा, लावा! माज्या मशीनवरच लावा!"

नसीरनं 'भाग २' सोडवली. पाठ जोडीदाराच्या पाठीला लागून पडद्यात राहिल्यासारखी शाबूत होती. चकचकीत बाजूवर धूळ, चार ओरखडे. महिनाभराचं ऊन तिनं खाल्लं होतं. निळ्या स्वस्त सीडीचा रंग एवढ्या उन्हात विटून जातो. सोनेरीचा टिकतो, असं ऐकून होता तो. पण सीडी भिवाजींच्या ताब्यात, तपासून पाहायची सोयच नव्हती. त्यानं ती दुबईच्या मशीनमध्ये सरकवली. 'नो डिस्क'. नरहरीनं मांडीवर थाप मारली.

मग नसीरनं पिशवीतून आपला चायनाचा प्लेयर काढला, तारा जोडल्या, सीडी सदऱ्याला पुसली. पन्नासाव्या मिनिटावर नेलं. पंगत दिसली. एकावन्न. मांडवाची झालर. विठ्ठलराव खुर्चीत बसले, फेटा सारखा केला.

बावन्न मिनिटं सात सेकंद. तोंड उघडलं. प्लेयरच्या पोटात एकदा टिक झालं. कल्पनानं डोळे मिटून घेतले.

"हितं बघू व्हय?" विठ्ठलराव म्हणाले.

कुणीतरी हुंदका दिला. नरहरीची बायको असावी.

"उत्कर्षा, सुखी ऱ्हा पोरी. आन दुसरं. झऱ्याचं खाचर कल्पनाचं. धाकट्यानं त्येचा बांध घातला, दगड वाहून वाहून पाठ मोडली त्येनं. ते तिचंच. नरहरी, तू तिकडं पंगतीत वाढतुयास, तुला काय ऐकू यायचं न्हाई बँडात. पन तू वरनंच आडदांड हायेस, बापाचा शब्द खाली पडू द्यायचा न्हाईस, म्हाईत हाय मला." म्हातारा पुढे वाकला, मिशा पडदाभर झाल्या. "नसीर, ह्यात ऱ्हातंय न्हवं रं हे?"

आणि पडद्यामागून नसीरचाच आवाज आला, सहा महिन्यांपूर्वीचा, ऐटबाज: "राहतंय काका. कायमचं."

विठ्ठलरावांनी मान हलवली. तोंड मिटलं.

नरहरी जमिनीकडे पाहत होता. मग त्यानं हात पुढे केला, कुणाकडेही न बघता.

"कागुद कुटाय? ... आन पेन आणा कुनीतरी."

निघताना कल्पना मोपेडपाशी आली. "नसीरभाऊ, लई वंगाळ आलं मनात तुमच्याविषयी. माफी करा. पन माज्या सीडीला मंग काय झालं व्हतं? रेघ तर तुमी बुजवली व्हती."

नसीरनं अम्मीकडे पाहिलं. अम्मी मोपेडच्या आरशात पदर सारखा करत होती.

"माझी चूक, वहिनी," तो म्हणाला. "निळी सीडी. माल हलका होता. आता सोनेरीवर चार काढून देतो, चार घरी ठेवा."

"आन मी पिशवी शिवून देते, मखमलीची," नूरजहाँ म्हणाली. "सीडी आत. गंध लावावंसं वाटलं तर पिशवीला लाव."

कल्पना हसून मान डोलावणार होती. मधेच थांबली. स्वतःच्या उजव्या हाताच्या नखाकडे तिनं पाहिलं, पुष्कळ वेळ. मग वाकून नूरजहाँच्या पायाला हात लावला आणि झऱ्याच्या वाटेला लागली. तिकडे बांबू मोकळा होता आणि चिमण्या भातात उतरल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी पौडच्या बाजारानं पाहिलं, नसीर शिडीवर चढून पाटीवरचा 'कायमचं' पांढऱ्या रंगानं पुसतोय. खालून अम्मी विचारत होती, त्या जागी काय लिहिणार? नसीर शिडीवर चुळबुळत होता. आठ दिवस ती जागा तशीच कोरी होती.